नोंद आहे, घंटा नाही



या सदरात आपण बहुतेक वेळा मोबाइलविषयी बोलतो, कारण घरोघरी तोच असतो. यावेळी टेबलावरच्या संगणकाकडे वळू. निमित्त एका पत्राचे आहे. पत्र लिहिणारे भाई एका अनुदानित उर्दू हायस्कूलमध्ये कनिष्ठ लिपिक आहेत. त्यांचे आणि शाळेचे नाव त्यांच्याच विनंतीवरून देत नाही. ते लिहितात, "आपा, शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचे अर्ज शाळेकडून तपासून पुढे पाठवायची शेवटची तारीख मी ऑफिसच्या संगणकात आउटलुकच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवली होती. तारीख तिथे आजही दिसते. पण रिमाइंडर आलाच नाही. दोन मुलींचे अर्ज राहून गेले. हेडसरांनी मेमो दिला आहे. संगणकवाला म्हणतो, व्हायरस असेल, फॉरमॅट मारू. माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, कारण मोबाइलवरचा अलार्म तर सगळ्यांचा वाजतो."

ही शिष्यवृत्ती म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी योजना. आठवीत परीक्षा होते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. निवड झाली की नववी ते बारावी महिन्याला १,००० म्हणजे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मात्र दर वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावे लागते. मुलीने अर्ज भरला तरी तो आधी शाळेने तपासून पुढे ढकलायचा असतो, मग जिल्हा पातळीवर तपासणी होते. शाळेच्या टप्प्यावर तारीख टळली की अर्ज तिथेच अडकतो. मुलीने आपल्या बाजूचे सगळे केलेले असते आणि तरी पैसे येत नाहीत. म्हणून ही नुसती यंत्राची कुरबूर समजून सोडून देण्यासारखी बाब नाही.

भाई, सर्वांत आधी एक सांगते: फॉरमॅट करू देऊ नका. का, ते पुढे येईल.

शाळेतलेच उदाहरण घेऊ. तासांचे वेळापत्रक ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेले असते, पण तास बदलतो तो शिपाईमामांनी टोला दिल्यावर. वेळापत्रक कितीही सुबक आणि सहीशिक्क्याचे असले तरी ते स्वतः टोला देत नाही. मामा रजेवर असले, त्यांचे घड्याळ मागे पडले किंवा नवे वेळापत्रक दुसऱ्याच फळ्यावर लावून कुणी मामांना कळवलेच नाही, तर भिंतीवर सगळे बरोबर असूनही घंटा होत नाही. आउटलुकचे तसेच आहे. कॅलेंडरमधली नोंद म्हणजे वेळापत्रक, आणि रिमाइंडर दाखवणारा भाग म्हणजे मामा. मोबाइलच्या घड्याळातला अलार्म फोन स्वतः वाजवतो, त्यासाठी काही उघडे ठेवावे लागत नाही. टेबलावरच्या ई-मेल प्रोग्रामला हे जमत नाही. त्यामुळे "नोंद दिसते, मग रिमाइंडर आलाच असणार, यांनीच लक्ष दिले नसेल" हा हेडसरांचा तर्क चुकीचा आहे. नोंद असूनही घंटा न होणे अगदी शक्य आहे.

दोष शोधायला कुणाला बोलवायच्या आधी पाच-दहा मिनिटांची एक चाचणी करा. आताच्या वेळेपासून दहा मिनिटांनी सुरू होणारी एक खोटी नोंद करा आणि तिला पाच मिनिटे आधीचा रिमाइंडर लावा. ही नोंद ज्या कॅलेंडरमध्ये मूळ तारीख होती त्याच कॅलेंडरमध्ये करायची. डाव्या बाजूला आणखी कॅलेंडरे दिसत असतील, तर त्या प्रत्येकात अशीच एकेक नोंद करा आणि प्रत्येकीला वेगळे नाव द्या. मग बसून बघा. कुठलीच घंटा झाली नाही, तर दोष प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आहे. एका कॅलेंडरची झाली आणि दुसऱ्याची नाही, तर दोष कॅलेंडरच्या जागेत आहे. सगळ्यांच्या झाल्या पण भलत्या वेळी, तर घड्याळाकडे बघायचे. वर्गात सगळ्यांचे एकच गणित चुकले तर आपण आधी फळ्यावर लिहिलेले गणित तपासतो, तसेच हे.

भाईंना मी फोनवर हीच चाचणी करायला लावली. एका नोंदीची घंटा झाली, दुसरीची नाही. मग डाव्या बाजूला कोणती नावे दिसतात ती वाचून दाखवायला सांगितली. तिथे दोन कॅलेंडरे होती. एक जुने, साधे. दुसऱ्याच्या नावापुढे कंसात 'धिस कंप्युटर ओन्ली' असे लिहिलेले. शाळेचा नवा ई-मेल पत्ता आउटलुकमध्ये जोडला, तेव्हा हे दुसरे कॅलेंडर आपोआप तयार झाले होते. भाई प्रामाणिकपणे सगळ्या तारखा त्याच नव्या कॅलेंडरमध्ये लिहीत होते, कारण शाळेचा पत्ता तोच. आउटलुक मात्र जुन्याच फाइलला मुख्य फाइल मानत होते.

इथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा थांबून समजून घेऊ. जुन्या पद्धतीचे आउटलुक, म्हणजे ऑफिसबरोबर संगणकात बसवले जाते ते, रिमाइंडर शोधताना मुख्य डेटा फाइलमधले कॅलेंडर बघते. तुम्ही आणखी खाती जोडली, जुनी फाइल उघडून ठेवली किंवा स्वतः एखादे नवे कॅलेंडर बनवले, तर तिथल्या तारखा पडद्यावर दिसतात, छापताही येतात, पण त्यांची घंटा होईलच असे नाही. कॅलेंडरच्या नावापुढे जी चौकट असते, तिच्यातली खूण फक्त ते पडद्यावर दाखवायचे की लपवायचे एवढेच ठरवते. लोक ती खूण बघून निर्धास्त होतात. तिचा घंटेशी संबंध नाही. दुसऱ्या कुणी तुम्हाला बघायला दिलेले कॅलेंडर असेल, जसे हेडसरांचे किंवा संस्थेच्या सेक्रेटरींचे, तर त्यातल्या बैठकांचे रिमाइंडर तुमच्या संगणकावर येत नाहीत. तशी बैठक आपल्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये उतरवून घ्यावी.

आता इलाज. आउटलुकमध्ये ई-मेलचा भाग उघडा. डावीकडे फोल्डरांच्या यादीत सगळ्यात वर त्या खात्याचे नाव ठळक अक्षरांत असते. त्यावर माऊसचे उजवे बटण दाबा आणि 'डेटा फाइल प्रॉपर्टीज' निवडा. 'जनरल' या पानावर एक चौकट दिसेल, तिच्यापुढचे लांबलचक वाक्य असे: 'डिस्प्ले रिमाइंडर्स अँड टास्क्स फ्रॉम धिस फोल्डर इन द टू-डू बार'. तिथे खूण करा, ओके म्हणा, आउटलुक बंद करून पुन्हा उघडा आणि पुन्हा खोटी नोंद करून बघा. भाईंच्या संगणकावर एवढ्याने काम झाले.

यापेक्षा पक्का मार्ग म्हणजे जे खाते रोज वापरता, त्याचीच फाइल मुख्य करणे. 'फाइल', मग 'अकाउंट सेटिंग्ज', त्यात 'डेटा फाइल्स' हे पान. हवी ती फाइल निवडून 'सेट अ‍ॅज डीफॉल्ट' दाबायचे आणि आउटलुक पुन्हा सुरू करायचे. किंवा तिसरा मार्ग, कॅलेंडर यादीच्या रूपात उघडून सगळ्या नोंदी निवडायच्या आणि मुख्य कॅलेंडरमध्ये हलवायच्या. तिन्हींपैकी कोणताही एक करा, पण पुढे तारखा लिहायची जागा एकच ठेवा. एका ऑफिसमध्ये दोन हजेरीपट चालत नाहीत, तसेच दोन कॅलेंडरेही चालत नाहीत.

आता फॉरमॅटचे. 'धिस कंप्युटर ओन्ली' याचा अर्थ शब्दशः घ्यायचा: या नोंदी फक्त याच संगणकात आहेत. ई-मेल खाते ज्या पद्धतीने जोडले आहे, ती पद्धत पत्रे आणते-नेते, पण कॅलेंडरची ने-आण करत नाही. त्यामुळे पत्रे सर्व्हरवरून परत मिळतील, तारखा मिळणार नाहीत. दुकानातला मुलगा फॉरमॅट नाही केला तर दुसरा नेहमीचा उपाय करतो, खाते काढून टाकून पुन्हा जोडतो. त्यातही अशा खात्याबरोबर त्याचे कॅलेंडर पुसले जाते. तेव्हा कुणालाही हात लावू देण्याआधी 'फाइल', 'ओपन अँड एक्स्पोर्ट', 'इम्पोर्ट एक्स्पोर्ट' या वाटेने जाऊन कॅलेंडर फाइलच्या रूपात बाहेर काढा आणि पेन ड्राइव्हवर ठेवा.

भाईंच्या बाबतीत या नोंदी पुराव्याच्याही आहेत. यादीच्या रूपात कॅलेंडर उघडले की वरच्या ओळीत आणखी एक रकाना घेता येतो, 'क्रिएटेड' नावाचा. नोंद कोणत्या तारखेला, किती वाजता केली ते तिथे दिसते. त्या पानाची छापील प्रत आणि चाचणीत एका कॅलेंडरची घंटा होते, दुसऱ्याची होत नाही हे हेडसरांच्या समोर करून दाखवलेले, एवढे मेमोच्या उत्तराला पुरेसे आहे. वाद घालू नका, फक्त करून दाखवा. आणि मेमोच्या आधी त्या दोन मुलींचे बघा. त्यांच्या अर्जांचे क्रमांक घेऊन माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालयात शिष्यवृत्तीचे काम बघणाऱ्यांना लेखी कळवा, तेही हेडसरांच्या सहीने. या पोर्टलवर मुदतवाढ अनेकदा मिळालेली आहे. मिळाली आणि पुन्हा आपणच झोपून राहिलो असे व्हायला नको, म्हणून रोज सकाळी पोर्टल उघडून बघा.

आता बाकीची कारणे. प्रत्येकाचा दोष वरच्यासारखा नसतो.

सगळ्यात साधे कारण म्हणजे आउटलुक बंद असणे. मामा शाळेतच नाहीत, मग टोला कोण देणार? पत्रे बघून झाली की कोपऱ्यातली फुली दाबायची सवय असते. फुली दाबली की प्रोग्राम बंद झाला, रिमाइंडर संपला. खाली सरकवायचा असेल तर फुलीऐवजी आडव्या रेघेचे बटण दाबावे. संगणक झोपलेला असेल, म्हणजे स्लीपमध्ये गेला असेल, तरी हेच. जागा झाल्यावर किंवा आउटलुक पुन्हा उघडल्यावर राहून गेलेले रिमाइंडर एकदम समोर येतात. मात्र नव्या आवृत्त्यांत 'अ‍ॅडव्हान्स्ड' या पानावर एक सोय आहे, वेळ टळून गेलेल्या कार्यक्रमांचे रिमाइंडर आपोआप काढून टाकण्याची. ती चालू असेल तर नंतरही काही दिसत नाही. ज्यांचा संगणक दिवसातून दोन तासच सुरू असतो, त्यांनी ती बंदच ठेवावी.

त्याच पानावर, 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' असे गेल्यावर, 'रिमाइंडर्स' या मथळ्याखाली 'शो रिमाइंडर्स' पुढे खूण आहे ना ते बघा. नसेल तर कोणत्याच कॅलेंडरची घंटा होणार नाही. तिथेच रिमाइंडरची खिडकी इतर खिडक्यांच्या वर दाखवण्याचीही सोय असते. ती नसेल तर एक्सेलचे मोठे पान उघडून काम करणाऱ्याच्या मागे रिमाइंडर येऊन उभा राहतो आणि त्याला पत्ताच नसतो. 'ऑप्शन्स'मध्ये 'कॅलेंडर' हे दुसरे पान आहे. तिथे नव्या नोंदींना आपोआप रिमाइंडर लागावा का, आणि तो किती मिनिटे आधी, ते ठरते. ती खूण काढलेली असेल तर प्रत्येक नोंदीला हाताने रिमाइंडर लावावा लागतो, आणि घाईत ते राहते. राहिला आवाज. शाळा-ऑफिसांतल्या किती संगणकांना स्पीकर असतात, ते तुम्हीच आठवून बघा. स्पीकर नसेल तर कितीही सेटिंग बदलले तरी आवाज येणार नाही, पडद्यावरच लक्ष ठेवावे लागेल.

रिमाइंडर येतो, पण दुसराच कुणीतरी तो घालवतो, हेही घरोघरी घडते. रिमाइंडरच्या खिडकीत दोन बटणे महत्त्वाची. 'स्नूझ' म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा सांग. 'डिसमिस' म्हणजे कळले, आता सांगू नको. 'डिसमिस ऑल' म्हणजे यादीतले सगळेच गेले. मुलगा गेम खेळायला बसतो, मध्ये खिडकी आली की न वाचता 'डिसमिस ऑल' दाबतो, आणि अब्बांची डॉक्टरची तारीख त्यात निघून जाते. मुलाला रागावून उपयोग नाही. त्याला विंडोजमध्ये त्याचे वेगळे खाते करून द्या.

आता एक असे कारण, ज्याकडे चांगल्या जाणकारांचेही लक्ष जात नाही. शेवटची तारीख आपण कशी लिहितो? वेळ न घालता, 'ऑल डे इव्हेंट' म्हणून. अशी नोंद प्रोग्रामच्या हिशेबाने त्या दिवसाच्या मध्यरात्री बाराला सुरू होते, आणि रिमाइंडर तिथून मागे मोजला जातो. पंधरा मिनिटे आधीचा रिमाइंडर असेल तर तो आदल्या रात्री पावणेबाराला येईल, ऑफिसला कुलूप असताना. अठरा तास आधीचा असेल तर आदल्या दिवशी सकाळी सहाला. दोन्ही वेळा संगणक बंद. सकाळी येऊन सुरू केला की रिमाइंडर इतर दहा जुन्या रिमाइंडरांच्या घोळक्यात दिसतो, आणि घोळका बघून माणूस काय करतो ते वर आलेच आहे.

म्हणून माझा आग्रह असा की शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये शेवटची तारीख म्हणून लिहू नये, काम म्हणून लिहावी. समजा, व्यापाऱ्याला मासिक जीएसटीचे ३-बी विवरण २० तारखेपर्यंत भरायचे आहे आणि उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, व्यवहारच नसेल तर २० रुपये विलंब शुल्क आहे. तर नोंद '२० ला शेवटची तारीख' अशी न करता '१६ ला सकाळी अकरा वाजता विवरण भरायला बसणे, एक तास' अशी करा. रिमाइंडर पंधरा मिनिटे आधी, म्हणजे पावणेअकराला, दुकान उघडलेले असताना. शिष्यवृत्तीचेही असेच. शेवटच्या दिवशी पोर्टल किती हळू चालते, ते ज्यांनी अर्ज भरलेत त्यांना वेगळे सांगायला नको.

घड्याळाचे दोन रोग आहेत. पहिला जुन्या डेस्कटॉपचा. आत मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, बहुधा सीआर २०३२ या क्रमांकाची. ती संपली की वीज पूर्ण बंद झाल्यावर संगणकाचे घड्याळ मागे जाते. सुरू केल्यावर तारीख कित्येक वर्षांपूर्वीची दिसत असेल, तर हाच रोग. ही बॅटरी स्वस्त असते आणि बदलायला फारसा वेळ लागत नाही. घड्याळाच्या दुकानातही मिळते.

दुसरा रोग फसवा आहे. विंडोज नव्याने बसवताना कधी कधी टाइम झोन अमेरिकेचाच राहतो. घड्याळ चुकीचे दिसते म्हणून कुणीतरी काटे हाताने बरोबर करतो, टाइम झोन मात्र तोच. आता वरवर सगळे ठीक दिसते. स्वतः लिहिलेल्या नोंदींचे रिमाइंडरही वेळेवर येतात. पण बाहेरून आलेले निमंत्रण त्या टाइम झोनच्या हिशेबाने बसते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. त्यामुळे आपल्याकडची सकाळी अकराची ऑनलाइन बैठक कॅलेंडरमध्ये आदल्या रात्री साडेनऊला दिसते. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषेच्या भागात जाऊन टाइम झोन बघा. आपल्या झोनच्या नावात चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी शहरे असतात. तो निवडा आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप घ्यायला सांगा.

ज्यांची मुले, भाऊ आखातात आहेत त्यांना याचा विशेष उपयोग. रियाधची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबईची दीड तास. मुलाने तिथून सकाळी दहाच्या व्हिडिओ कॉलचे निमंत्रण पाठवले, तर रियाधहून आलेले आपल्याकडे साडेबाराला आणि दुबईहून आलेले साडेअकराला दिसायला हवे. दोन्ही संगणकांचे टाइम झोन बरोबर असले की हा हिशेब प्रोग्राम स्वतः करतो. तोंडी वेळ ठरवून नोंद करताना मात्र "दहा म्हणजे कुठले दहा?" हे विचारून घ्यावे.

हे सगळे तपासूनही घंटा होत नसेल, तर आउटलुकची रिमाइंडरची आतली यादी बिघडलेली असू शकते. ती पुसून नव्याने बनवायची आज्ञा आहे. आउटलुक बंद करा. विंडोजचे चिन्ह असलेले बटण दाबून धरून आर दाबा. छोटी खिडकी उघडेल. तिच्यात 'आउटलुक.ईएक्सई', मग एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि रेघेला चिकटून 'क्लीनरिमाइंडर्स' असे इंग्रजी अक्षरांत, एकही जागा न सोडता लिहा. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती. एंटर दाबले की आउटलुक उघडेल. जुने, केव्हाच संपलेले काही रिमाइंडर पुन्हा वर आले तर घाबरू नका, नवी यादी बनताना असे होऊ शकते. तारखांना यात धक्का लागत नाही.

काही वाचक आउटलुकऐवजी मोफत मिळणारे थंडरबर्ड वापरतात. त्यातही तेच तत्त्व, घंटा हवी तर प्रोग्राम उघडा हवा. पण तिथे एक वेगळी गंमत आहे: नव्या नोंदींना आपोआप रिमाइंडर लागण्याची सोय मुळातच बंद असते. सेटिंग्जमध्ये कॅलेंडरच्या भागात जाऊन ती चालू करा. राहून गेलेले रिमाइंडर दाखवण्याची सोयही तिथेच आहे. शिवाय प्रत्येक कॅलेंडरच्या नावावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले की 'शो रिमाइंडर्स' अशी स्वतंत्र खूण असते. एखाद्याच कॅलेंडरची घंटा बंद असेल तर आधी ती बघावी. फक्त वाचण्यापुरते जोडलेले कॅलेंडर असेल, तर त्याचे राहून गेलेले रिमाइंडर नंतर दाखवले जात नाहीत.

विंडोजबरोबर येणारे 'मेल' आणि 'कॅलेंडर' हे साधे ॲप ज्यांच्या घरी होते, त्यांच्यासाठी: मायक्रोसॉफ्टने ते ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केले आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवले. हे नवे आउटलुक जुन्यापेक्षा बरेच वेगळे आहे, वर सांगितलेल्या जागा त्यात तशाच सापडणार नाहीत. जुन्या आउटलुकच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात 'न्यू आउटलुक' असा खटका दिसतो. तो सहज म्हणून दाबू नका. फक्त संगणकात साठवलेल्या कॅलेंडरमधल्या तारखा तिकडे आपोआप दिसतील असे धरून चालू नये. आधी वर सांगितल्याप्रमाणे प्रत काढा, मग काय करायचे ते करा.

शेवटी एका भगिनीचा प्रश्न. त्या जकातीचा हिशेब दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी करतात आणि त्यासाठी कॅलेंडरमध्ये 'दर वर्षी' असा पुन्हा पुन्हा येणारा रिमाइंडर लावला आहे. तो वेळेवर येतो, पण चांद्र तारखेशी जुळत नाही. बिघाड नाही, बहन. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, तुमचा रिमाइंडर इंग्रजी वर्षावर फिरतो. दर वर्षी दहा-अकरा दिवसांचा फरक पडणार, तीन वर्षांत महिनाभराचा. 'दर वर्षी' काढून टाका. यंदाचा हिशेब झाला की त्याच बैठकीत पुढच्या वर्षाची चांद्र तारीख छापील कॅलेंडरमध्ये बघून, तिच्या आठ दिवस आधीची एकच नोंद करा. चंद्रदर्शनाने एखाद्या दिवसाचा फरक पडला, तरी तो या आठ दिवसांत मावतो.